अरुंद अक्षरं, मोकळा परवाना

गणेशोत्सव मंडळाचा फलक करणारा मुलगा असो, की स्वतःचं पुस्तक स्वतःच छापायला निघालेला लेखक, दोन प्रश्न सगळेच विचारतात. पहिला, "इंटरनेटवरून फुकट उतरवलेला फॉन्ट छापील कामात वापरला, तर उद्या कोणी पैसे मागायला येईल का?" आणि दुसरा, "अरुंद फॉन्ट शोधत कशाला बसायचं? आहे तोच बाजूने दाबला की झालं ना?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच फॉन्टच्या आधाराने नीट देता येतात. त्याचं नाव लीग गॉथिक. तो उंच आहे, अरुंद आहे, ठळक आहे, मोफत आहे, आणि त्याचा मूळ आराखडा शंभराहून अधिक वर्षं जुना आहे.

आधी दोन संज्ञा. इंग्रजी पुस्तकातल्या कॅपिटल 'आय'कडे पाहिलंत, तर उभ्या दांड्याच्या वर आणि खाली बारीक आडवी टोकं दिसतात. ती टोकं म्हणजे सेरिफ. ती नसलेल्या अक्षरांना सॅन्स सेरिफ म्हणतात, आणि अमेरिकेतले जुने छापखानेवाले अशाच अक्षरांना गॉथिक म्हणत. या अक्षरांची रुंदी उंचीच्या मानाने बरीच कमी ठेवली की ती झाली कंडेन्स्ड. आपल्याकडचे डीटीपीवाले नुसतं 'कंडेन्स' म्हणतात.

१. जागा तेवढीच, अक्षर मोठं

दहा फुटी फ्लेक्स घेऊ. रुंदी साधारण ३०० सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सेंटिमीटर मोकळे सोडले, की मथळ्याला उरले २७०. मथळा इंग्रजी कॅपिटल अक्षरांत आहे आणि मोकळ्या जागा धरून १८ अक्षरांचा आहे. म्हणजे प्रत्येक अक्षराच्या वाट्याला सरासरी १५ सेंटिमीटर रुंदी आली. ती काही केल्या वाढत नाही.

आता एखाद्या साध्या ठळक फॉन्टमध्ये अक्षराची सरासरी रुंदी उंचीच्या पाऊणपट आहे असं धरू. मग अक्षराची उंची झाली २० सेंटिमीटर. अरुंद फॉन्टमध्ये रुंदी उंचीच्या निम्मी धरली, तर त्याच १५ सेंटिमीटरमध्ये ३० सेंटिमीटर उंचीचं अक्षर बसतं. फलक तोच, मजकूर तोच, आणि अक्षर दीडपट उंच. रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. अरुंद अक्षर जागा वाचवतं असं म्हणतात, पण मला ते अर्धंच खरं वाटतं. आहे त्या जागेत मोठ्याने बोलता येणं, हे त्याचं खरं काम.

ही गरज संगणकाच्या फार आधीची. सेरिफ नसलेलं छपाईचं अक्षर पहिल्यांदा दिसतं ते लंडनच्या विल्यम कॅस्लन चौथा याच्या १८१६ सालच्या नमुन्यात. पुढे १८२८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने लाकडी अक्षरांची यादी छापून ती विकायला काढली. शिशाचे मोठे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, वजनाला जड आणि किमतीला महाग पडत. लाकडाचे हलके, स्वस्त, आणि हवे तेवढे मोठे करता येत. नाटकं, सर्कशी, आगबोटी यांच्या जाहिराती त्या अक्षरांनी भरून गेल्या. त्या जाहिरातींमध्ये प्रत्येक ओळ कडेपासून कडेपर्यंत भरायची रीत होती. शब्द लहान असला की जुळारी रुंद खिळे काढी, लांब असला की अरुंद. वर्तमानपत्रांची अडचण याहून कडक होती. रकान्याची रुंदी ठरलेली, आणि बातमी मोठी असली तरी मथळा त्याच रकान्यात बसवायचा. अरुंद ठळक अक्षर आणि बातमीचा मथळा यांची जोडी आपल्या डोळ्यांत पक्की बसली ती तेव्हापासून.

२. दाबलेलं आणि बेतलेलं

आता दुसरा प्रश्न. संगणकात अक्षराची रुंदी ६० टक्के करायला क्षणही लागत नाही. मग बिघडतं काय?

चांगल्या सॅन्स सेरिफ अक्षरात उभ्या रेघा आडव्या रेघांपेक्षा किंचित जाड असतात. दोन्ही अगदी सारख्या जाडीच्या काढल्या तर डोळ्याला आडवी रेघ जास्त जाड भासते, म्हणून आरेखक तिला थोडी बारीक करतो. समजा, आपल्या फॉन्टमध्ये उभी रेघ १२० एककं जाड आहे आणि आडवी १००. आता अक्षर बाजूने दाबून ६० टक्क्यांवर आणलं. उभी रेघ झाली ७२. आडवी मात्र १०० ची १०० च राहिली, कारण आपण उंचीला हातच लावलेला नाही. जी रेघ जाड असायला हवी ती बारीक झाली आणि बारीक असायला हवी ती जाड. 'ओ'च्या बाजू सुकलेल्या आणि डोकं-तळ सुजलेला, असं काहीतरी दिसू लागतं. अक्षराअक्षरांमधल्या जागाही त्याच प्रमाणात आवळल्या जातात, मग त्या तिथे शोभोत वा न शोभोत.

थोरल्या भावाचा सदरा बाजूने टाचून धाकट्याला घालणं वेगळं आणि त्याच्या मापाने नवा बेतणं वेगळं. खांदा, बाही, गळा सगळं नव्याने कापावं लागतं. अरुंद अक्षर बेतताना आरेखक नेमकं हेच करतो. उभ्या रेघांची जाडी तो कायम ठेवतो आणि आतल्या पोकळ्या कमी करतो. लीग गॉथिकमधला कॅपिटल 'ओ' मोठा करून पाहा. त्याच्या दोन्ही बाजू सरळ उभ्या आहेत. वळण आहे ते फक्त वरच्या आणि खालच्या टोकाला, तेही आखूड. आतली पोकळी म्हणजे एक उंच, चिंचोळी फट, आणि ती फट बाजूच्या उभ्या रेघेच्या जाडीशी नातं राखून आहे. 'एच', 'एन', 'ओ' ही अक्षरं शेजारी ठेवली की काळी पट्टी, पांढरी पट्टी, काळी पट्टी असा एकसारखा ठेका डोळ्यांना मिळतो. तो ठेका दाबलेल्या अक्षरात कधीच येत नाही.

मराठीत हा अपघात आणखी ठळक दिसतो, कारण आपल्याकडे शिरोरेषा आहे. देवनागरी अक्षर बाजूने दाबलं की काना, दंड, 'क' आणि 'फ'चे गोल यांच्या उभ्या बाजू बारीक होतात. शिरोरेषा मात्र पहिल्याइतकीच जाड राहते आणि ओळीवर ठेवलेल्या तुळईसारखा तिचा भार जाणवतो. एखाद्या फलकावरचं अक्षर दाबलेलं आहे की बेतलेलं, हे ओळखायची एक सोपी खूण सांगतो. अनुस्वाराकडे पाहा. फॉन्टमध्ये तो गोल टिंब असेल, तर दाबल्यावर तो उभट अंडाकृती होतो. बेतलेल्या अरुंद फॉन्टमध्ये अक्षर अरुंद असतं, पण टिंब गोलच राहतो. ही खूण कळली की एसटी स्टँडपासून लग्नाच्या हॉलपर्यंत ती जागोजाग दिसू लागते.

३. बेंटन बाप-लेकांचं काम

लीग गॉथिक ज्यावरून घेतला तो टाइप १९०३ मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीत तयार झाला. नाव अल्टरनेट गॉथिक. आरेखक मॉरिस फुलर बेंटन. फ्रँकलिन गॉथिक आणि न्यूज गॉथिक हे आजही वापरात असलेले टाइपही त्यांचेच. एवढं मोठं काम एका माणसाच्या हातून झालं, यामागे त्यांच्या वडिलांचं एक यंत्र आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

पूर्वी प्रत्येक अक्षराचा ठसा पोलादात हाताने कोरत. तोही छापायच्या आकारात, आणि उलटा. प्रत्येक लहान-मोठ्या मापासाठी पुन्हा नवा ठसा. वडील लिन बॉइड बेंटन यांनी १८८५ मध्ये असं यंत्र काढलं, की मोठ्या आकारात काढलेल्या अक्षराच्या कडेवरून एक टोक फिरवलं, की दुसऱ्या टोकाला असलेलं कोरणं तेच अक्षर ठरलेल्या प्रमाणात लहान करून धातूत कोरी. हाताच्या कारागिरीवर अडलेलं काम त्यामुळे आरेखनाच्या टेबलावर आलं, आणि एकाच कल्पनेची अरुंद, मध्यम, रुंद अशी भावंडं काढणं परवडू लागलं.

अल्टरनेट गॉथिक अशाच तीन भावंडांत आला. नंबर १ सगळ्यात अरुंद, नंबर २ मधला, नंबर ३ त्याहून रुंद. मथळा लांब असेल तर जुळाऱ्याने नंबर १ घ्यायचा, आखूड असेल तर ३. काळेपणा आणि वळण सारखं असल्यामुळे एकाच पानावर तिन्ही वापरले तरी पान एकजीव दिसे. 'अल्टरनेट' म्हणजे हा निवडीचा पर्याय. हे वळण तुमच्याही ओळखीचं आहे. २०१७ पर्यंत यूट्यूबचं जे बोधचिन्ह होतं, ते नंबर २ वर बेतलेलं होतं.

अमेरिकन टाइप फाउंडर्स १९९३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच्या कितीतरी आधी शिशाचे खिळे बहुतेक छापखान्यांतून गेले होते.

४. जुना आराखडा, नवी फाईल

मग हा टाइप संगणकावर फुकट कसा आला? इथे एक भेद नीट ध्यानात घ्यायला हवा. अक्षराचं रूप ही एक गोष्ट, आणि ते रूप संगणकाला काढून दाखवणारी फाईल ही दुसरी. फाईलमध्ये नुसती चित्रं नसतात. कोणत्या दोन अक्षरांत किती अंतर ठेवायचं, कोणती अक्षरं एकत्र आली की काय बदलायचं, याच्या सूचनाही असतात. म्हणून तिला सॉफ्टवेअर मानतात.

अमेरिकेत नुसत्या अक्षररूपाला कॉपीराइट मिळत नाही. १९७८ च्या एल्ट्रा विरुद्ध रिंगर या खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने तसं सांगितलं. फाईलला मात्र सॉफ्टवेअर म्हणून संरक्षण मिळतं. इतर देशांत नियम वेगळे आहेत. १९०३ च्या छापील नमुन्यावरून कोणीही नव्याने अक्षरं काढू शकतं, पण दुसऱ्याने मेहनतीने बनवलेली फाईल उचलून आपली म्हणता येत नाही.

२००९ मध्ये कॅरोलिन हादिलाकसोनो आणि मायका रिच यांनी द लीग ऑफ मूव्हेबल टाइप नावाचा उपक्रम सुरू केला. चांगले फॉन्ट मोकळ्या परवान्यावर सगळ्यांना द्यायचे, हा त्यामागचा हेतू. अल्टरनेट गॉथिक नंबर १ चा नवा अवतार, म्हणजे लीग गॉथिक, त्याच वर्षी त्यांनी खुला केला. पुढे टायलर फिंक यांनी त्यात भर घातली, तिरकं आणि आणखी अरुंद रूप आलं. आता तर त्याची अशी आवृत्ती आहे, की एकाच फाईलमध्ये पट्टी सरकवून रुंदी कमी-जास्त करता येते. हे दाबणं नव्हे बरं का. दोन टोकांची अक्षरं माणसाने बेतून दिलेली असतात आणि संगणक त्यांच्या मधली रूपं हिशेबाने काढतो, त्यामुळे उभ्या रेघांची जाडी सांभाळली जाते. बेंटन यांची तीन भावंडं होती, इथे मधल्या वाटेल त्या रुंदीवर थांबता येतं.

५. परवाना नेमकं काय देतो

लीग गॉथिकचा परवाना आहे एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स. भाषा आणि लिप्यांवर काम करणाऱ्या एसआयएल इंटरनॅशनल या संस्थेच्या व्हिक्टर गॉल्टनी आणि निकोला स्पालिंजर यांनी तो लिहिला. आज चालते ती १.१ ही आवृत्ती २००७ ची. फॉन्टच्या फोल्डरमध्ये मजकुराची एक फाईल येते, तिच्यात तो सगळा असतो. दोनेक पानांचा मजकूर आहे, जरूर वाचा.

कल्पनेतली काही कामं घेऊन पाहू. तुम्ही लीग गॉथिक वापरून पुस्तकाचं मुखपृष्ठ केलं आणि पुस्तक विकलं. चालतं. त्या अक्षरांत टी-शर्ट छापून बाजारात मांडले. चालतं. दुकानाचं बोधचिन्ह केलं, तेही चालतं, आणि त्या बोधचिन्हाला मोकळा परवाना लागू होत नाही, कारण फॉन्ट वापरून केलेलं काम तुमचं असतं. मोबाइल ॲपमध्ये फॉन्ट भरून ॲप पैसे घेऊन विकलं, तरी हरकत नाही. परवान्याची प्रत आणि हक्कसूचना सोबत ठेवावी लागते एवढंच. आता नुसती फॉन्टची फाईल पन्नास रुपयांना विकायला ठेवली तर? ते नाही चालत. फॉन्ट एकटा विकायचा नाही, ही यातली पहिली अट आहे.

सर्वांत मोलाचा भाग मात्र पुढे आहे. फाईल उघडून अक्षर बदलायची तुम्हाला मुभा आहे. एखादं चिन्ह नसेल तर ते काढून घाला, रुपयाची खूण नसेल तर घाला, 'आर'चा पाय आवडला नाही तर बदला. बदललेला फॉन्ट वाटायचा असेल तर तो याच परवान्यावर वाटायचा, आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवलं असेल तर तुमच्या फॉन्टला दुसरं नाव द्यायचं. नावाची ही अट मला फार शहाणपणाची वाटते. एकाच नावाचे दोन वेगळे फॉन्ट दोन संगणकांवर असले, की इथे नीट बसलेला मथळा छापखान्यात ओळ मोडून दुसरीकडे जातो.

सावध राहायचं ते 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असं लिहिलेल्या फॉन्टपासून. तिथे घरगुती पत्रिकेपुरती सूट असते. दुकानाच्या पाटीला ती पुरत नाही, आणि फाईल बदलायचा हक्क तर नसतोच. पैसे न पडणं आणि मोकळा परवाना असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

६. वापरताना

परिच्छेदच्या परिच्छेद अरुंद ठळक अक्षरांत लावू नका. आतल्या फटी लहान आकारात शाईने भरून जातात आणि ओळ काळ्या पट्ट्यांची होते. मथळा, आकडे, पोस्टर, पुस्तकाचा कणा या याच्या जागा. आकार लहान ठेवावा लागलाच तर अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवा. फार मोठ्या आकारात उलट ते जरा कमी केलेलं शोभतं. रोमन कॅपिटल अक्षरांना खाली लोंबणारं काही नसतं, त्यामुळे दोन-तीन ओळींचा मथळा अगदी जवळ जवळ रचता येतो आणि घट्ट ठोकळा तयार होतो. हा ठोकळाच या वळणाचं वैभव आहे.

७. देवनागरीला हे जमतं का

लीग गॉथिकमध्ये देवनागरी नाही. मराठी वाचकाला तिथेच थांबावं लागत नाही, पण देवनागरी अरुंद करणं हे रोमनपेक्षा अवघड काम आहे, हे आधी मान्य करायला हवं.

पहिली अडचण अक्षरांच्या पोटात आहे. रोमन 'ओ'मध्ये एक पोकळी, आपल्या 'क्ष', 'झ', 'ज्ञ', 'ळ'मध्ये शेजारी शेजारी दोन-तीन. त्या आवळताना रेघा एकमेकींना चिकटू लागतात. 'ख' जरा सैल पडला की तो 'रव' वाचला जातो, फार घट्ट झाला की ठिपका होतो. दुसरी अडचण उभ्या जागेची. 'शुद्ध' या शब्दाखाली दुसऱ्या ओळीत 'मूर्ती' आला असं समजा. वरच्या ओळीतून उकार आणि 'द्ध'चं शेपूट खाली येतं, खालच्या ओळीतून वेलांटी आणि रफार वर चढतात, आणि दोघं मध्ये भिडतात. रोमनचा तो घट्ट ठोकळा इथे जसाच्या तसा उतरवता येत नाही.

तरीही कामं झाली आहेत, आणि मोकळ्या परवान्यावर झाली आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये टेको आणि खंड हे दोन फॉन्ट दिले. टेकोमध्ये गोल चक्क चौकोनी केले आहेत. 'व', 'ब', 'क' यांच्या बाजू सरळ उभ्या, म्हणजे बेंटन यांच्या 'ओ'वर जी युक्ती चालली तीच इथे देवनागरीच्या अंगाने आली. खेळाच्या पोस्टरला, गुणफलकाला तो फार खुलतो. खंड थोडा मऊ आहे, बातमीच्या मथळ्याला बरा. अर्जेंटिनातल्या ओम्निबस-टाइपचा प्रगती नॅरो हाही अरुंद देवनागरीचा फॉन्ट. आणि मुंबईच्या एक टाइपचा अनेक. २०२२ मध्ये आलेल्या या कुटुंबात नऊ भारतीय लिप्या आणि रोमन आहेत, आणि रुंदीची पट्टी अरुंदापासून ऐसपैसपर्यंत सरकवता येते. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तिहेरी पाटी करणाऱ्या सीमाभागातल्या माणसाला याची किंमत सांगावी लागणार नाही.

कोणताही अरुंद मराठी फॉन्ट घेण्याआधी काही शब्द लिहून पाहा: 'गुऱ्हाळ', 'वाङ्मय', 'दर्शनार्थी', 'ख्रिस्ती', 'शुद्धलेखन', 'लाल'. 'गुऱ्हाळ'मध्ये अर्ध्या 'र'ची पापणी नीट उमटते की तिथे रफार चढतो, ते पाहा. 'वाङ्मय'मध्ये 'ङ'चा पाय मोडलेला दिसतो का, ते पाहा. 'शुद्ध' आणि 'लाल' यांत 'श' आणि 'ल' मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हेही तपासा. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' मराठीसाठी ठरवून दिला आहे. काही फॉन्टमध्ये मराठी वळण आत दडलेलं असतं आणि मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की ते वर येतं.

लीग गॉथिकशेजारी देवनागरी ठेवायची झाली, तर दोन्हींचा पॉइंट आकार सारखा ठेवून भागत नाही. रोमन कॅपिटलची उंची आणि देवनागरीची तळापासून शिरोरेषेपर्यंतची उंची जुळेल असा आकार डोळ्यांनी लावा. मग काना आणि रोमन 'आय' यांची जाडी ताडून पाहा, आणि फॉन्टमध्ये असतील तेवढ्या वजनांतून सगळ्यात जवळचं निवडा. शिरोरेषा थोडी वर सरकलेली चालते, कारण इंग्रजी ओळीला वरून बांधणारी रेघ नसते.

आणि ज्याला आरेखनात गती आहे, त्याला याहून पुढेही जाता येईल. खुला या फॉन्टमध्ये ओपन सॅन्स या फॉन्टची रोमन अक्षरं घेऊन एरिन मॅक्लॉफ्लिन यांनी त्यांना जुळणारी देवनागरी काढली. मूळ परवाना मोकळा होता म्हणूनच ते शक्य झालं. लीग गॉथिकलाही अशी देवनागरी जोडायला परवान्याची आडकाठी नाही. सुरुवात 'व', 'न', 'क', 'ख', 'क्ष' एवढ्या पाच अक्षरांपासून करावी. 'व'ने गोलाचा आकार ठरतो, 'न'ने दंडापुढची जागा, 'क'ने दोन्ही बाजूंचा तोल. 'ख' आणि 'क्ष' ज्या रुंदीत स्वच्छ वाचता येतात, ती या वळणाची खालची मर्यादा धरायची आणि बाकीची अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं त्या मापाने काढायला घ्यायची.